हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी: एकाच औषधाने दोन्ही का मरत नाहीत?

वाचकाचं पत्र

घरापुढे साधारण 150 चौरस मीटर लॉन आहे, रुंद पात्याच्या कार्पेट ग्रासचं. कडेने दोन लांब वाफे: एकात गुलाब आणि जास्वंद, दुसऱ्यात हंगामी फुलं. 2 वर्षांपासून बारीक पात्याचं, जमिनीवर सुतळीसारखे धागे टाकत पसरणारं गवत लॉनमधून वाफ्यांत शिरलं आहे. गेल्या वर्षी हंगामी फुलांचा वाफा टिलर फिरवून उलटून घेतला, तर 2 महिन्यांत ते आधीपेक्षा दाट उगवलं. मीठ आणि व्हिनेगरही मारून झालं. पानं करपली आणि 15 दिवसांत पुन्हा हिरवी. आता लॉनमध्ये आणखी एक प्रकार दिसतोय: चकचकीत पात्यांचा, कापणीनंतर 2 दिवसांत लॉनच्या वर डोकं काढणारा. उपटला की एकाच्या जागी दोन येतात. शिवाय पायवाटेजवळच्या उघड्या मातीत चपटं, चाकासारखं पसरणारं गवत आहेच. लॉनला आणि फुलझाडांना धक्का न लावता हे सगळं मारेल असं एक औषध सुचवाल का?

उत्तर

असं एक औषध नाही, आणि ते शोधण्यात आणखी एक हंगाम घालवू नका. तुमच्याकडे तीन वेगळी तणं आहेत. सुतळीसारखे धागे टाकणारी ती हरळी. कापणीनंतर डोकं काढणारा तो बहुधा लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. पायवाटेजवळची गवतं वर्षभरात बी टाकून मरणारी, राननाचणी किंवा क्रॅबग्रासच्या जातीची. पहिलं तण काशांवर, म्हणजे जमिनीखालून आडव्या पसरणाऱ्या खोडांवर जगतं, दुसरं गाठींवर, तिसरं बियांवर. तिघांना मारायची जागा वेगळी आणि वेळही वेगळी.

आधी ओळख पक्की करून घ्या, कारण इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. संशयित रोपाचं खोड बुंध्याशी धरून बोटांत फिरवा. तीन धारा लागल्या आणि पानं तीन दिशांना फुटलेली दिसली, तर तो लव्हाळा. तो दिसतो गवतासारखा, पण गवताच्या कुळातला नाही, म्हणून फक्त गवत मारणारी औषधं त्याला लागतच नाहीत. खुरप्याने खोल उकरून पाहिलंत तर मुळाला शेंगदाण्याएवढी काळपट, वासाची गाठ सापडेल, आणि तिला दोऱ्याने बांधल्यासारखी पुढची गाठ. हरळीचं खोड गोल-चपटं असतं, पानं दोन ओळींत असतात, आणि पान जिथे खोडाला मिळतं तिथे पांढऱ्या केसांची बारीक झालर दिसते. तिचे जमिनीवरचे धागे पेरापेरावर मुळं धरतात. मातीखाली पांढरट, टोकदार काशा जातात त्या वेगळ्याच. राननाचणी उपटलीत की बुंधा पांढरट आणि दाबून चपटा केल्यासारखा दिसतो, आणि खाली काशा नसतात, गाठी नसतात, नुसता मुळांचा झुपका असतो.

टिलरने नेमकं काय झालं

हरळीच्या काशीला प्रत्येक पेरावर डोळा असतो, आणि डोळा असलेला 2-3 सेंटिमीटरचा तुकडासुद्धा ओल्या मातीत नवं रोप होतो. टिलरची पाती एका लांब काशीचे 20-30 तुकडे करतात आणि ते तुकडे वाफाभर सारखे पसरवतात. तुम्ही हरळीची लावणीच केलीत म्हणायची, आणि फार व्यवस्थित. जमिनीत काशा असताना टिलर फक्त एका परिस्थितीत चालतो: माती कोरडी ठणठणीत, ऊन कडक, आणि त्यानंतर महिनाभर पाण्याचा थेंब नाही. काशा अशा उन्हात वाळवण्याबद्दल पुढे सांगतो.

मीठ-व्हिनेगरचंही तसंच. व्हिनेगर फक्त ज्या पानाला लागतं ते जाळतं, काशीपर्यंत पोचत नाही. पान जळलं की काशीतला साठा वापरून डोळे फुटतात. मिठाचं तर नावच सोडा. ते मातीत राहतं आणि त्याचा त्रास हरळीआधी गुलाबाला होतो, कारण हरळी मीठ बऱ्यापैकी सोसते. ज्या जागी मीठ पडलं आहे तिथे 2-3 वेळा भरपूर पाणी देऊन ते खाली धुवून काढा, मगच काही लावा.

या सगळ्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. हरळी आणि लव्हाळा पानांत मरत नाहीत, मातीखालच्या साठ्यात मरतात. एक तर तो साठा बाहेर काढायचा, नाही तर तो पुन्हा पुन्हा खर्च करायला लावून संपवायचा, नाही तर पानांकरवी औषध तिथवर पोचवायचं. तिन्ही मार्ग चालतात, पण एका फेरीत कुठलाच चालत नाही.

हंगामी फुलांचा वाफा: इथून सुरुवात करा

हा वाफा रिकामा करता येतो, म्हणून इथे तुमचा हात वर आहे. एक उन्हाळा यात काहीही लावू नका.

पाणी तोडा. माती वरून कोरडी झाली की बागकामाच्या काट्याने (गार्डन फोर्कने) 15 ते 20 सेंटिमीटर खोल ढेकळं उचला. कुदळ-फावड्याने काशा तुटतात, काट्यांनी त्या अखंड वर येतात, म्हणून काटाच वापरा. हरळीच्या बहुतेक काशा याच थरात असतात, काही त्याखाली जातात. ढेकूळ उचलून झटका, हाताला लागेल ती काशी ओढून घमेल्यात टाका. उरलेली ढेकळं उन्हात उलटी पडू द्या. 8-10 दिवसांनी पुन्हा उलटा आणि पुन्हा वेचा. कडक उन्हात उघड्यावर पडलेली काशी आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून मरते, मात्र मातीच्या सावलीत राहिलेली मरत नाही. म्हणूनच उलटापालट एकदा करून भागत नाही, 3-4 वेळा करावी लागते. मध्येच एक चांगला पाऊस पडला तर हिशेब पहिल्यापासून.

उन्हाळा दमट असेल किंवा इतकी मेहनत शक्य नसेल, तर प्लॅस्टिकखाली माती तापवा. यात लोक हमखास दोन चुका करतात: काळं प्लॅस्टिक घेतात आणि माती कोरडी ठेवतात. प्लॅस्टिक पारदर्शक हवं, 25 ते 50 मायक्रॉनचं. काळं स्वतः तापतं, खालची माती तितकी तापत नाही. आणि माती 30 सेंटिमीटरपर्यंत ओली हवी, कारण ओल्या मातीतून उष्णता खाली उतरते आणि भिजलेलं बी, भिजलेली काशी लवकर शिजते. आधी वाफा सपाट करा, ढेकळं फोडा, काड्या वेचा, नाही तर प्लॅस्टिक खाली टेकत नाही आणि मधली हवा उष्णता अडवते. कडेने 15 सेंटिमीटरचा चर खणून कडा मातीत गाडा. वर्षातल्या सर्वांत तापत्या 4 ते 6 आठवड्यांत ठेवा. फाटलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. वाफ्यावर दिवसातला निम्मा वेळ सावली असेल तर हा खटाटोप करूच नका.

कडेचा हातभर पट्टा नीट तापत नाही, आणि लॉनमधली हरळी त्याच पट्ट्यातून परत येते. म्हणून प्लॅस्टिक वाफ्याच्या बाहेर दीड-दोन फूट न्या. काढल्यानंतर खोल खणू नका, खालचं न तापलेलं बी वर येईल. वरची 5 सेंटिमीटर माती हलवून थेट लावणी करा. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातूनही वाचतात. त्यांचा बंदोबस्त वेगळा.

गुलाब आणि जास्वंदीचा वाफा

इथे मुळं आणि काशा एकमेकांत विणल्या गेल्या आहेत. खणलंत तर गुलाबाची मुळं तुटतात, फवारलंत तर गुलाब धोक्यात. इथे गवतावरच चालणारी तणनाशकं कामाची आहेत: फ्लुअॅझिफॉप, क्विझॅलोफॉप, सेथॉक्सिडिम, क्लेथोडिम. गवताच्या पेशींत चरबी तयार करणारं जे विकर (एन्झाइम) असतं ते ही औषधं बंद पाडतात. रुंद पानांच्या झाडांचं तेच विकर वेगळ्या घडणीचं असल्यामुळे त्यांना सहसा काही होत नाही. लेबलावर गुलाब, जास्वंद ही नावं आहेत का ते तरी पाहाच. पण शेजारी गवती चहा, बांबू किंवा शोभेचं गवत असेल तर तेही मरेल, कारण औषधाच्या लेखी ती गवतंच. आणि लव्हाळा हसत उभा राहील, हे वर आलंच आहे.

हरळीवर ही मारायची वेळ म्हणजे नवे कोंब 10 ते 15 सेंटिमीटर झाले आणि जोमात वाढत आहेत तेव्हा. सुकलेल्या, पिवळ्या, धूळ बसलेल्या हरळीवर मारलंत तर औषध आत जातच नाही. दोन दिवस आधी वाफ्याला पाणी द्या. बाटलीवर सांगितलेला चिकटवा नक्की घाला, तो नसेल तर निम्मं औषध पानावरून ओघळून जातं. प्रमाण लेबलावरचं घ्या, कारण प्रत्येक बाटलीतलं टक्क्यांचं प्रमाण वेगळं असतं.

फवारल्यावर आठवडाभर काहीच दिसत नाही, आणि नेमकं इथेच लोक धीर सोडून दुसरं काहीतरी वर मारतात. खरी खूण अशी: 10-12 दिवसांनी मधलं सर्वांत कोवळं पान धरून ओढा. ते अलगद सुटून आलं आणि बुडाशी तपकिरी, कुजलेलं दिसलं, तर औषध पोचलं आहे. पुन्हा फुटलेले कोंब 10 सेंटिमीटरचे झाले की दुसरी फवारणी, गरज पडली तर तिसरी. याच टाकीत 2,4-डी, म्हणजे रुंद पानांची तणं मारणारं औषध, मिसळू नका. दोन्ही औषधं एकत्र आली की गवतावरचा परिणाम घटतो.

जुनी हरळी गुलाबाच्या बुंध्यातच अडकली असेल तर एक जुना उपाय आहे. गुलाब विश्रांतीत असताना, म्हणजे छाटणीच्या वेळी, झाड मुळांसकट उचला. मुळं बादलीत बुडवून धुवा, काशा एकेक करून सोडवा आणि स्वच्छ मातीत परत लावा. किचकट आहे, पण 4-5 झाडं असतील तर एका सकाळचं काम, आणि फवारणीपेक्षा पक्कं. जास्वंद असं उचलणं फारसं सोसत नाही, तिला हात लावू नका.

ग्लायफोसेटबद्दल

हे नाव तुमच्यापर्यंत आलं असेलच. ते पानातून शिरून काशांपर्यंत जातं, म्हणून हरळीवर खरोखर चालतं. पण ते निवड करत नाही. हिरवं जे असेल ते मारतं, त्यात गुलाबाची हिरवी साल आणि बुडातून फुटलेला धुमाराही आला. अनेक ठिकाणी घरगुती वापरावर बंधनं आहेत. आपल्याकडे काय नियम आहे ते आधी पाहा, आणि परवानाधारकाकडूनच मारून घ्यायचा नियम असेल तर तो पाळा.

वापरायचं झालंच, तर त्याच्या अपयशाची कारणं जवळजवळ नेहमी तीच असतात.

पहिलं कारण घाई. लोक हरळी कापतात आणि दुसऱ्या दिवशी फवारतात. पानच नाही तर औषध घेणार कोण? 2-3 आठवडे कापू नका, पानोळा वाढू द्या. वाढीच्या हंगामाच्या शेवटी, जेव्हा तुरे आलेले असतात आणि वनस्पती साखर खाली काशांत साठवत असते, तेव्हा औषध त्याच प्रवाहात खाली जातं. फवारल्यावर किमान 7 ते 10 दिवस कापू किंवा उपटू नका.

दुसरं कारण पाणी. ग्लायफोसेट मातीच्या कणांना आणि जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट चिकटतं. गढूळ किंवा क्षारांचं पाणी वापरलंत तर टाकीतच त्याचा जोर जातो. स्वच्छ, मऊ पाणी घ्या. पाणी जडच असेल तर टाकीत आधी प्रति लिटर 20 ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा, मग औषध टाका.

तिसरं कारण, ‘जरा कडक’ करण्याची खोड. 41 टक्के द्रावणाचं हरळीसाठीचं प्रमाण सहसा लिटरला 15 ते 20 मिलीच्या आसपास असतं. लेबल वेगळं सांगत असेल तर लेबल खरं. त्याहून तीव्र केलंत तर पान लवकर जळतं, आणि जळालेलं पान औषध खाली पोचवत नाही. औषध जास्त आणि काम कमी, असा उलटा प्रकार होतो.

वाफ्यात मारायचं तर फवारूच नका, पुसा. रबरी हातमोज्यावर सुती हातमोजा चढवा, 1 भाग औषध आणि 2 भाग पाण्याच्या मिश्रणात सुती बोटं ओलसर करा, ठिबकणार नाहीत इतकीच, आणि हरळीचं पातं मुठीतून ओढून घ्या. गुलाबात शिरलेले लांब धागे आधी उचलून बाहेर पसरवा आणि मग पुसा. पुढचे 4-6 तास पाऊस नको.

लॉनमधली हरळी: इथे खरं बोलायला हवं

गवताच्या लॉनमधून गवतच निवडून मारणं ही सगळ्यांत अवघड गोष्ट. कार्पेट ग्रासला वाचवून हरळी साफ करेल असं भरवशाचं औषध घरगुती वापरात जवळपास नाही. ज्याच्या जाहिरातीत तसं लिहिलं आहे, त्याच्या लेबलावर तुमच्या लॉन गवताचं नाव छापलेलं आहे का पाहा. नसेल तर घेऊ नका.

म्हणून आधी मोजा. लॉनवर 10-12 ठिकाणी दोरीचा 1 मीटरचा चौकोन टाका आणि प्रत्येकात हरळी किती भाग व्यापते याचा अंदाज लिहा. पाव हिस्स्याच्या आत असेल तर डाग-डाग साफ करणं परवडतं. निम्म्याच्या वर असेल आणि लॉनवर दिवसातून 6 ते 8 तास थेट ऊन असेल, तर आमचं मत विचाराल तर लढू नका, हरळीचंच लॉन करा. उष्ण प्रदेशांतली फुटबॉलची बरीच मैदानं आणि गोल्फचे हिरवळीचे पट्टे हरळीच्याच सुधारित जातींचे असतात. 2.5 ते 4 सेंटिमीटरवर नेमाने कापलेली हरळी देखणी दिसते, तुडवण सोसते आणि पाणी कमी मागते. मग लढाई उरते फक्त वाफ्याच्या कडेची.

डाग साफ करायचे ठरवलंत, तर डागाच्या दिसणाऱ्या कडेपासून 30 ते 50 सेंटिमीटर बाहेरपर्यंतचं गवत धरा, कारण धागे पुढे गेलेलेच असतात. तिथलं कार्पेट ग्रासही जाणार, हे मान्य करूनच सुरुवात करायची. वर सांगितल्याप्रमाणे ग्लायफोसेट मारा किंवा 15-20 सेंटिमीटर माती काट्याने काढून चाळा. फवारलं असेल तर लगेच नवं गवत लावू नका. पाणी देत 3-4 आठवडे थांबा, उरलेल्या काशांना फुटू द्या, पुन्हा मारा. डाग दोनदा पाणी देऊनही हिरवा झाला नाही, की मग कार्पेट ग्रासचे ठोंब 15-20 सेंटिमीटर अंतरावर लावा. लोक पहिल्या फेरीनंतर हिरवं दिसत नाही म्हणून लावणी करतात आणि महिन्याभराने नव्या ठोंबांतून हरळी डोकावते. मग दोष औषधाला.

उरलेलं लॉन दाट ठेवणं हा निम्मा इलाज आहे. हरळीला सावली सोसत नाही. कार्पेट ग्रास सावलीत बऱ्यापैकी तग धरतं. म्हणून कापणीची उंची 5 सेंटिमीटरवर न्या आणि एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापू नका. टक्कल पाडून कापलेलं लॉन म्हणजे हरळीला आमंत्रण. नत्रही हात राखून द्या. एका वेळी चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र, म्हणजे 11 ग्रॅमच्या आसपास युरिया, हे वरचं टोक समजा. कार्पेट ग्रास मुळात कमी खाणारं आहे, आणि जास्तीचं खत त्याच्याआधी हरळी उचलते.

लव्हाळा

यात चिकाटीपुढे इलाज नाही. उपटला की दोन येतात, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गाठींची जी साखळी असते तिच्यातली टोकाची फुटलेली गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. ती तुटली की झोपलेल्या जाग्या होतात. शिवाय एका गाठीवर अनेक डोळे असतात, एक मेला की दुसरा फुटतो.

तरी उपटण्यात अर्थ आहे, फक्त वेळ सांभाळून. नव्या रोपाला 5-6 पानं येईपर्यंत ते गाठीतला साठा खात असतं, त्यानंतर नव्या गाठी घालू लागतं. म्हणजे दर 2-3 आठवड्यांनी, 5 पानांच्या आत, न चुकता काढत राहिलात तर प्रत्येक फेरीत गाठ दुबळी होते. खुरपं खोल घाला आणि गाठीसकट काढा. दोन हंगाम लागतात. मध्ये सव्वा महिना सुट्टीवर गेलात तर नव्या गाठी पडल्या समजा.

लॉनमधल्या लव्हाळ्यासाठी मात्र निवडक औषध आहे: हॅलोसल्फ्युरॉन. बहुतेक लॉन गवतांना ते सोसतं. तरी लेबलावर आपल्या गवताचं नाव पाहा आणि आधी एका कोपऱ्यात 1 चौरस मीटरवर मारून 2 आठवडे वाट पाहा. याची मात्रा फार थोडी असते, अगदी ग्रॅमात, म्हणून अंदाजाने चिमटी टाकू नका. सोबत चिकटवा हवाच, बिनआयनी (नॉन-आयॉनिक) प्रकारचा, लिटरला अडीच मिली. फवारणीच्या 2 दिवस आधी आणि 2 दिवस नंतर लॉन कापू नका. लव्हाळा पिवळा पडून मरायला 3-4 आठवडे घेतो. झोपलेल्या गाठी पुढे फुटतात, त्यासाठी 6 ते 10 आठवड्यांनी दुसरी फवारणी. हंगामी फुलांवर हे औषध जाऊ देऊ नका.

लव्हाळ्याचं जाळं एकाच ठिकाणी दाट असेल तर तिथे नळ गळतोय का, उतारावरून पाणी साचतंय का, ते पाहा. ओल कायम राहिली तर तो परत येतच राहतो. आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनावर विसंबू नका. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पातळ प्लॅस्टिक सहज भोसकून वर येतो.

पायवाटेजवळची हंगामी गवतं

ही सोपी. तुरे यायच्या आत उपटा. क्रॅबग्रासचं एक मोठं, मोकळं वाढलेलं रोप हजारोंनी बी टाकतं आणि ते बी मातीत काही वर्षं टिकतं, म्हणून एक वर्ष चुकलं तर पुढची अनेक वर्षं निंदणी. राननाचणी जिथे दाट आहे तिथली माती हमखास तुडवून घट्ट झालेली असते. काट्याने 10 सेंटिमीटर खोल भोकं पाडून माती मोकळी केली नाहीत, तर तिथे लॉन टिकणार नाही आणि तीच पुन्हा येईल.

उगवणीआधीचं तणनाशक, उदाहरणार्थ पेंडिमेथॅलिन, याच गवतांसाठी आहे. ते मातीच्या वरच्या थरात पापुद्रा धरतं आणि उगवत्या बीची मुळी थांबवतं. बी उगवायच्या आधी मारावं लागतं, उगवलेल्यावर उपयोग नाही. क्रॅबग्रास वरच्या थरातली माती काही दिवस सलग 13 अंश सेल्सियसच्या वर गेली की उगवू लागतं, राननाचणी त्यानंतर काही आठवड्यांनी. मारल्यावर 1 सेंटिमीटरभर पाणी देऊन थर बसवा आणि नंतर माती खणू नका, पापुद्रा मोडतो. त्याच जागी पुढचे काही महिने फुलांचं बी पेरता येणार नाही. काशांतून येणाऱ्या हरळीवर आणि गाठींतून येणाऱ्या लव्हाळ्यावर त्याचा उपयोग नाही, तिथे मारून वाया घालवू नका. आणि फरशीवर सांडू नका, पिवळा डाग पडतो.

कडेची भिंत आणि आच्छादन

वाफे साफ केले आणि कड उघडी ठेवली, तर लॉनमधली हरळी एका हंगामात परत येते. लॉन आणि वाफ्यामध्ये जाड प्लॅस्टिकची, पत्र्याची किंवा सिमेंटची कड घाला: 15 ते 20 सेंटिमीटर मातीत, 5 सेंटिमीटर वर. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे हातभर एकावर एक चढवा, काशीला बोटभर फट पुरते. खोल कड काशा अडवते, वरची 5 सेंटिमीटर फक्त धाग्यांचा वेग कमी करते. ते वरून उडी मारतातच. दर 2 आठवड्यांनी कडेने विळा फिरवून वाफ्याच्या बाजूला पडलेले धागे उचलून घ्या. कापून तिथेच टाकू नका.

वाफ्यावर लाकडाच्या भुशाचं, सालींचं किंवा पालापाचोळ्याचं 8 ते 10 सेंटिमीटर आच्छादन घाला, झाडांच्या बुंध्यापासून चार बोटं दूर. बियांतून येणारी गवतं यानेच बरीचशी थांबतात. हरळी थांबत नाही, पण आच्छादनात तिची काशी सैल राहते आणि बोटांनी ओढली तर लांबच्या लांब निघून येते. विणलेलं तणरोधक कापड मात्र हरळीच्या वाफ्यात घालू नका. ती त्याखालून जाते, विणीतून वर येते, आणि मग कापड काढायचं झालं तर ते काशांनी शिवलेलं निघतं.

पंप, आणि काढलेल्या काशांचं काय

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर रंगाने मोठी खूण करा. 2,4-डीचा अंश राहिलेल्या पंपाने गुलाबावर बुरशीनाशक मारलं तर पानं पिळवटतात, आणि लोक रोग शोधत बसतात. औषध घालण्याआधी पंप मोजून घ्या. 5 मीटर बाय 2 मीटरचा चौकोन आखा, मोजून पाणी भरा, नेहमीच्या चालीने फवारा, किती पाणी गेलं पाहा. 10 चौरस मीटरला अर्धा लिटर गेलं, तर 16 लिटरची टाकी 320 चौरस मीटरला पुरते. मग औषधाचा हिशेब त्यावरून. चपटा पंखा पाडणारं नोझल, कमी दाब, वारा पडलेली वेळ. हातमोजे, बंद बूट, चष्मा. मुलं आणि पाळीव प्राणी फवारा पूर्ण वाळेपर्यंत तिकडे नकोत.

काढलेल्या काशा आणि गाठी कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. घरगुती ढीग क्वचितच आतून बाहेरून सारखा तापतो. काळ्या पिशवीत भरून, तोंड बांधून, उन्हात फरशीवर ठेवा. काशा कडकड मोडू लागल्या की मग हरकत नाही. लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यानंतरही ढिगात नकोत, त्या कचऱ्यातच द्या.

नवीन माती किंवा शेणखत आणलंत तर सगळं वाफ्यात ओतण्याआधी घमेलंभर वेगळं काढून ओलं ठेवा आणि 3 आठवडे पाहा. त्यातून सुईसारखे कोंब वर आले तर ती खेप परत करा. आणि लॉन कापताना हरळीचे डाग नेहमी शेवटी कापा. यंत्राखाली अडकलेलं गवत तिथेच, हरळीच्या जागेवर झटकून मगच यंत्र आत न्या. ओल्या दिवसात चाकाला चिकटलेला एक धागा दुसऱ्या टोकाला पडला, तर महिन्याभरात तिथे नवा डाग मिळेल.